जुनी कुटुंबछायाचित्रे : वेश, दागिने आणि रीती

कुटुंबछायाचित्राचे स्वरूप

एका घरातील माणसांनी ठरवून, वेळ काढून आणि पैसे मोजून एकत्र काढवून घेतलेला फोटो म्हणजे कुटुंबछायाचित्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळापर्यंतची अशी चित्रे महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत आजही आढळतात. ती बहुधा माजघरात किंवा ओसरीवर तुळईच्या खाली, वरची बाजू पुढे झुकवून टांगलेली असतात. घर रोज कसे दिसते याची नोंद करणे हा त्यांचा उद्देश नव्हता. आपण कसे दिसावे, लोकांनी आपल्याला कोण म्हणून ओळखावे, याबद्दल त्या घराने घेतलेला निर्णय त्यांत उमटलेला असतो. म्हणून अशा चित्रातील प्रत्येक वस्त्र, दागिना, खुर्ची आणि हाताची ठेवण ही निवड समजून पाहावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा या विषयाशी वेगळा संबंध आहे. येवला ही रेशीम आणि जर यांची जुनी पेठ. खत्री, कोष्टी, साळी, मोमीन अशा विणकर समाजांच्या मागांवर येथे पैठण्या, पीतांबर आणि रेशमी वस्त्रे तयार होत आली. महाराष्ट्रातील संपन्न घरांच्या जुन्या छायाचित्रांत ठेवणीतले वस्त्र म्हणून जी पैठणी दिसते, तिच्यामागे येवला किंवा पैठण यांपैकी एका गावचा माग असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे ही चित्रे वाचताना विणकामाची जाण फार उपयोगी पडते.

मुंबईहून तालुक्याच्या गावापर्यंत

लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि लवकरच ती भारतात पोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. या पहिल्या पिढीचे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक, शेटसावकार आणि सरकारी अधिकारी.

तालुक्याच्या गावांत ही कला रेल्वेच्या मागोमाग आली असे म्हणायला हरकत नाही. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि येवला त्या मार्गावरचे स्थानक झाले. मनमाडमार्गे नाशिक आणि मुंबई, दौंडमार्गे पुणे जवळ आले. व्यापारी घरातील मंडळी खरेदीसाठी, कोर्टाच्या कामासाठी किंवा यात्रेसाठी बाहेर पडत, तेव्हा मोठ्या शहरातील स्टुडिओत जाऊन फोटो काढवून घेणे शक्य झाले. फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवत त्या माउंटवर छापलेले स्टुडिओचे नाव आणि गाव पाहिले तर हा प्रवास दिसतो. मात्र माउंटवर पुणे छापलेले असले म्हणून घर पुण्याचे ठरत नाही.

कॅमेऱ्याविषयी भीतीही होती. फोटो काढल्याने आयुष्य घटते, अंगातील शक्ती कॅमेरा ओढून घेतो, अशी समजूत सर्वत्र आढळे. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. बडोद्यात व्यवसाय करताना त्यांना याच समजुतीचा अडथळा झाला. अनेक घरांत आजोबांचा फोटो आहे आणि आजीचा नाही, यामागे खर्च आणि पडद्याची रीत यांच्याबरोबर ही भीतीही असू शकते.

रंगांचे रूपांतर

जुन्या छायाचित्रांचे वाचन सर्वांत जास्त चुकते ते रंगांच्या बाबतीत, म्हणून हा भाग सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रासायनिक लेप देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात तयार काचा बाजारात आल्या. या दोन्ही प्रकारच्या काचांना मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाश कळत असे. तांबडा प्रकाश त्यांच्यावर जवळजवळ परिणाम करत नसे आणि पिवळ्याचा परिणाम अत्यल्प होई. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून हिरव्या–पिवळ्या प्रकाशालाही संवेदनशील होणारा लेप शोधला. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या आणि गावोगावच्या स्टुडिओत रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला.

याचा परिणाम असा की जुन्या फोटोतील करड्या छटा डोळ्यांनी पाहिलेल्या उजेड-अंधाराशी जुळत नाहीत. कपाळावरचे कुंकू काळे दिसते. लाल पैठणी काळी भासते. आकाशी रंगाचे लुगडे जवळजवळ पांढरे होते. गडद निळीचे वस्त्र मुळातच थोडा प्रकाश परतवते, त्यामुळे ते तेवढे उजळत नाही, पण शेजारच्या लालपेक्षा अनेकदा फिकट उतरते. पिवळी हळद आणि पिवळे वस्त्र दोन्ही काळवंडतात. लग्नात वधूला नेसवली जाणारी पिवळी अष्टपुत्री अशा फोटोत गडद दिसते आणि पाहणाऱ्याला ती काळी किंवा जांभळी साडी वाटते. शुभकार्यात काळे वस्त्र कसे, असा प्रश्न मग उगाच पडतो.

माणसांच्या वर्णावरही हाच परिणाम होई. गव्हाळ त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग जास्त असल्यामुळे चेहरे प्रत्यक्षापेक्षा सावळे उतरत. म्हणून छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने काम करून चेहरे उजळ करत आणि सुरकुत्या पुसत. जुन्या फोटोतील आजीचा चेहरा विलक्षण गुळगुळीत असेल आणि हात मात्र कष्टाचे असतील, तर ही पेन्सिलीची करामत समजावी. हाताकडे सहसा कोणी लक्ष देत नसे.

पैठणीचा पदर आणि काठ

पैठणीचे वैशिष्ट्य पदरात आणि काठात आहे. पदराची जमीन जरीची असते आणि तीवर रंगीत रेशमाने नक्षी विणली जाते. नक्षीचे रंग बदलतात तेथे धागे एकमेकांत गुंतवले जातात, त्यामुळे पदराच्या मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत नाहीत आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. आसावली म्हणजे फुलांची वेल, मुनिया म्हणजे पोपट, नारळी, कुयरी, बांगडीमोर, पंजा ही नक्षीची रूढ नावे. नक्षीच्या बारकाईनुसार एका पैठणीला महिन्यापासून वर्षापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. इतक्या श्रमाचे आणि मोलाचे वस्त्र फोटोत दिसलेच पाहिजे, अशी घराची इच्छा असणे स्वाभाविक होते.

म्हणून पदराची फोटोतील मांडणी बहुतेक वेळा मुद्दाम केलेली असते. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. समोरून काढलेल्या फोटोत तो दिसत नाही. त्यामुळे तो पाठीमागून उजवीकडे घेऊन पुढे आणत, मांडीवर पसरत किंवा हातावर धरत. बसलेल्या स्त्रीच्या मांडीवर पदराचा चौकोन सपाट मांडलेला दिसला, तर तेथे छायाचित्रकाराने किंवा घरातील वडीलधाऱ्या बाईने हात फिरवलेला असतो. काही चित्रांत चेहऱ्यापेक्षा पदर अधिक स्पष्ट आहे, आणि विणकामाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते फार मोठे भाग्य आहे.

जर फोटोत दोन प्रकारे उतरते. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार रंगाने पिवळी, म्हणून काचेवर गडद होणारी. पण धातू म्हणून ती प्रकाश आरशासारखी परतवते. उजेड ज्या कोनातून येतो त्यानुसार एकाच पदराचा एक भाग पांढराफटक आणि शेजारची घडी काळी दिसते. हा दोष वस्त्राचा नसतो. उलट अशी तीव्र चमक हे जरीच्या भरगच्च विणीचे लक्षण असते. उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग वेगळे ठेवून साधलेली धूपछाव वीणही घड्यांच्या बदलत्या छटांवरून कधी कधी ओळखता येते.

जुन्या पैठण्यांच्या रंगांना स्वतंत्र नावे होती: पोपटी हिरवा तो राघू, शुभ्र पांढरा तो शिरोदक, काळ्या अंगाची ती चंद्रकळा. यांपैकी शिरोदक तेवढी फोटोत त्यातल्या त्यात ओळखता येते. राघू आणि लाल यांतील फरक केवळ छटांवरून सांगणे धोक्याचे आहे. घरात ती साडी किंवा तिचा पदर अजून जपलेला असेल, तर फोटो आणि वस्त्र शेजारी ठेवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. काठाची रुंदी, नक्षीच्या ओळींची संख्या आणि दोन फुलांमधील अंतर यांची तुलना करता येते. येवल्यात पैठणीची नक्षी वाचू शकणारी माणसे आजही मागावर बसलेली आहेत, त्यांना असे चित्र मोठे करून दाखवले तर पुस्तकांत न मिळणारी माहिती मिळू शकते.

एक गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे. पैठणी विणणारी कुटुंबे या जुन्या चित्रांत पैठणी नेसून क्वचितच दिसतात. वस्त्राची किंमत आणि फोटोचा खर्च दोन्ही विणकराच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याचे काम दुसऱ्यांच्या फोटोत, दुसऱ्यांच्या खांद्यावर आहे. माउंटवर छायाचित्रकाराचे नाव छापलेले असते, पाठीमागे घराण्याचे नाव लिहिलेले असते. विणकराचे नाव कोठेही नसते. जुन्या छायाचित्रांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

चोळी, पोलके आणि गोल साडी

स्त्रियांच्या वेशातील बदल साडीपेक्षा चोळीत लवकर दिसतो. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत खणाची, पुढे गाठ मारलेली, आखूड बाह्यांची चोळी सर्रास आढळते. शतक पालटताना शहरी आणि शिक्षित घरांत लांब बाह्यांचे, झालरीचे किंवा लेसच्या गळ्याचे पोलके आले. त्यावर युरोपीय पेहरावाची छाप होती, पण खाली नऊवारी आणि कासोटा तसाच राहिला. खांद्यावर पदराला पिन लावण्याची पद्धतही याच काळातली. पुढे १९२० ते १९४० च्या दरम्यान पाचवारी किंवा सहावारी गोल साडी तरुण स्त्रियांमध्ये पसरली. एकाच फोटोत सासू नऊवारीत, मोठी सून नऊवारी आणि लांब बाह्यांच्या पोलक्यात, धाकटी सून गोल साडीत, हातात घड्याळ, असे तीन काळ शेजारी उभे दिसतात. अशा चित्राचा काळ धाकट्या सुनेवरून ठरवावा, सासूवरून नव्हे. वयस्कर माणसे आपल्या तरुणपणीचा वेश सोडत नाहीत.

पदर डोक्यावरून, दोन्ही खांद्यांवरून की केवळ एका खांद्यावरून घेतला आहे, यावरून जातीची, घराण्याची आणि समोर कोण उभे आहे याची कल्पना येते. येवल्यात गुजराती व्यापारी घराणीही होती. त्यांच्या स्त्रियांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

दागिन्यांची भाषा

फोटोसाठी घरातील ठेव बाहेर निघे. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, कानांत कुड्या किंवा बुगड्या, दंडावर वाकी, हातांत पाटल्या, गोठ आणि तोडे, अंबाड्यावर राखडी आणि फुले असा साज दिसतो. मोत्यांचे दागिने फोटोत सोन्यापेक्षा उठून दिसतात, कारण पांढरा रंग काचेवर नीट उतरतो आणि पिवळे सोने काळवंडते. तन्मणी आणि मोत्यांची नथ म्हणून ठळक. शेजारची सोन्याची माळ मात्र भिंग घेऊन शोधावी लागते.

दागिना अंगावर आहे म्हणजे तो त्याच व्यक्तीचा, असे मानता येत नाही. जावेच्या पाटल्या, सासूची वज्रटीक फोटोपुरती उसनी घेतली जाई. एकाच घराच्या निरनिराळ्या फोटोंत तीच माळ वेगवेगळ्या गळ्यांत दिसली, तर त्यावरून घरातील देण्याघेण्याचा आणि वारशाचा माग लागतो. एखाद्या वर्षानंतर ती माळ कोणाच्याच गळ्यात नसेल, तर दुष्काळ, कर्ज किंवा वाटणी यांचा शोध घेण्यासारखा असतो.

नथीचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. ती उजवीकडे दिसत असेल, तर काच उलटी ठेवून छापलेला फोटो असल्याची शंका घ्यावी. मुंजीच्या फोटोत जानवे डाव्या खांद्यावर असणे, नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असणे या खुणा त्याबरोबर ताडून पाहाव्यात. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये.

पुरुषांचा वेश

पुरुषाची ओळख आधी डोक्यावर. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्या परिचित छायाचित्रांतील बांधीव पगडी, जोतीराव फुले यांच्या चित्रातील पागोटे, शिंदेशाही पगडी, फेटा, रुमाल हे सर्व प्रकार जात, व्यवसाय आणि प्रदेश सांगणारे होते. पगडी बांधणाऱ्या पगडबंदांचा स्वतंत्र व्यवसाय होता. शतक पालटल्यावर काळी गोल टोपी आली आणि हे भेद बरेचसे पुसले गेले. १९२० नंतरच्या चित्रांत पांढरी गांधी टोपी दिसू लागते. ती दिसली की चित्राच्या काळाची खालची मर्यादा मिळते. मुस्लिम घरांच्या चित्रांत शेरवानी, पायजमा आणि तुर्की टोपी आढळते.

अंगरखा किंवा बाराबंदी, उपरणे आणि धोतर हा जुना वेश. त्यावर प्रथम कोट चढला. धोतर, कोट, पगडी, खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी आणि हातात छडी ही जोडणी १८८० नंतर कित्येक दशके प्रतिष्ठित मराठी गृहस्थाची खूण होती. पाटलोण फार नंतर आली, आणि तीही आधी नोकरदार मुलाच्या अंगावर.

बैठकीची रीत

जुन्या कुटुंबचित्रात कोण कोठे आहे हे वय, लिंग आणि नाते यांनी ठरते. मधल्या खुर्चीत घरातील कर्ता पुरुष, त्याच्या शेजारी वडीलधारी स्त्री, मागे उभे मुलगे आणि सुना, पुढे जमिनीवर लहान मुले ही सर्वसाधारण मांडणी. तरुण जोडप्याच्या आरंभीच्या चित्रांत नवरा खुर्चीत आणि बायको उभी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, नजर एकमेकांकडे नसते. नवऱ्याचे नाव उच्चारणेही ज्या काळात निषिद्ध होते, त्या काळात परक्या छायाचित्रकारासमोर शेजारी उभे राहणे हीच मोठी गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात दोघांना खुर्च्या मिळू लागल्या आणि स्त्रीच्या हातात पुस्तक आले. हे पुस्तक अनेकदा स्टुडिओचे असे, तरी ते हाती धरण्याची इच्छा खरी होती.

चेहऱ्यावरच्या गांभीर्याला तांत्रिक कारण आहे. ओल्या काचेला काही सेकंद उजेड द्यावा लागे, तेवढा वेळ हसू टिकत नाही. डोके हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावत. उभ्या माणसाच्या पायांमागे त्याची बैठक कधी कधी डोकावते. कोरड्या काचा आल्यावर वेळ कमी झाला, पण गंभीर राहण्याची रीत तशीच टिकली. मोठ्यांसमोर दात न दाखवण्याचा संस्कार तिच्या जोडीला होताच.

अनुपस्थित माणसांनाही जागा होती. परगावी असलेल्या किंवा वारलेल्या व्यक्तीचा फोटो कोणाच्या हातात किंवा रिकाम्या खुर्चीवर ठेवत. अंत्ययात्रेपूर्वी मृत व्यक्तीला बसते करून काढलेले फोटोही काही घरांत आहेत. आज ते पाहताना अंगावर काटा येतो, परंतु जिवंतपणी एकही फोटो नसलेल्या माणसाचा चेहरा राखण्याचा तो अखेरचा उपाय होता.

विधवांची उपस्थिती

ब्राह्मण घरांतील केशवपन झालेल्या विधवा कुटुंबचित्रात कडेला, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेल्या, कुंकू आणि बांगड्यांविना दिसतात. त्यांचे आलवण बहुधा तांबडे असे, आणि वर सांगितलेल्या कारणाने ते फोटोत काळे उतरते. घरातील सर्वांत वडील असलेली विधवा मात्र खुर्चीत मध्यभागी बसलेली आढळते. वयाचा मान अशा वेळी वैधव्यावर मात करत असे. तरुण विधवेला बहुतेक वेळा चित्रात घेतच नसत. म्हणून जुन्या चित्रातील माणसे मोजण्याबरोबर त्या वर्षी घरात कोण होते आणि चित्रात कोण नाही, याचीही यादी करणे आवश्यक ठरते.

प्रसंगांची चित्रे

मुंजीच्या फोटोत बटू लंगोटी, दंड आणि जानवे यांसह उभा असतो. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या किंवा बाशिंग, वधूचा शालू किंवा अष्टपुत्री आणि वराचे उपरणे दिसते. वधूचे वय हा या चित्रांतील सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरवले. त्यापूर्वीच्या चित्रांत त्याहून लहान नवऱ्या आढळतात, आणि त्यांच्या अंगावर मोठ्या बाईचे दागिने असतात.

डोहाळजेवणाची चित्रे ही महाराष्ट्राची खास देणगी. गर्भवतीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून, झोपाळ्यात, नावेत किंवा चंद्रकोरीत बसवून फोटो काढत. हातात फुलांचे धनुष्यबाणही देत. ज्या काळात गर्भारपणाबद्दल चारचौघांत बोलत नसत, त्याच काळात त्याचा फोटो हौसेने काढला जाई, हे विशेष आहे.

संक्रांतीची चित्रे छटांच्या दृष्टीने सर्वांत यशस्वी. नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घालतात, बाळाला बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचा मुकुट घालतात. काळ्यावर पांढरा हा विरोध काचेवर जसाच्या तसा उतरतो, प्रत्येक दाणा मोजता येतो. येवल्यात संक्रांत पतंगांच्या उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील घरांत या सणाचे फोटो असतील, तर गच्चीवरचे आणि दिवाणखान्यातले अशा दोन्ही प्रकारचे शोधायला हवेत.

लहान मुलांच्या चित्रांत कुंची, टोपडे, झबले, वाळे आणि बिंदल्या दिसतात. गालावर तीट असते. काही मुलगे लांब केसांत वेणी घातलेले किंवा परकरात असतात, त्यामुळे फोटोवरून मुलगा की मुलगी हे ठरवण्याची घाई करू नये.

पडदा आणि सामान

स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे: खांब, जिने, कारंजी, बाग, कधी समुद्र. या पडद्यांचे मराठी नाटकाच्या पडद्यांशी जवळचे नाते आहे, चित्रण आणि रंगरेषा दोन्हींत सारख्या. पुढे वेताची खुर्ची, तिवई, फुलदाणी, गालिचा. कोट, टोपी, घड्याळही स्टुडिओत मिळे. घरी बोलावलेल्या छायाचित्रकाराने अंगणात चादर ताणून काढलेल्या फोटोत मात्र कडेला वाड्याचा खांब, दगडी जोते किंवा तुळशीवृंदावन शिल्लक राहते. माहितीच्या दृष्टीने ही कडेची पट्टी रंगीत पडद्यापेक्षा मोलाची असते. नव्याने छापताना ती कापून टाकण्याची चूक अनेक ठिकाणी होते.

वेश हा निर्धार म्हणून

दोन प्रसिद्ध मराठी चित्रे येथे आठवतात. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या फोटोत डॉ. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशाच्या वेशात आहेत. परदेशात, थंडीत, साडी न सोडण्याचा आनंदीबाईंचा निश्चय त्या चित्रात कायम झाला आहे.

दुसरे चित्र फेब्रुवारी १९३४ मधले, मुंबईतील राजगृह या निवासस्थानी काढलेले. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, पुत्र यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि लाडका कुत्रा टॉबी आहेत. ज्यांना शतकानुशतके चांगले वस्त्र आणि धातूचा दागिना वापरण्यापासूनही अनेक ठिकाणी रोखले गेले, त्या समाजातील कुटुंबाने नीटनेटक्या वेशात स्वतःच्या घरी काढलेला हा फोटो आहे. वर्षभरानंतर, २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. ज्या गावाने राजघराण्यांची वस्त्रे विणली, त्याच गावात ही घोषणा झाली. कुटुंबचित्रातील कोट आणि लुगडे हा हौसेचा विषय असतो तितकाच तो हक्काचाही असतो, हे या चित्रावरून कळते.

काळ कसा ठरवावा

पहिला पुरावा कागदाचा. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेले, सुमारे ६ गुणिले १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावरचे छोटे चित्र आणि १८६६ च्या सुमारास आलेले, सुमारे ११ गुणिले १६.५ सेंटिमीटरचे मोठे कॅबिनेट चित्र हे दोन आकार एकोणिसाव्या शतकाचे. अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला कागद पातळ, तपकिरी आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. त्यातील पांढरा भाग पिवळा पडतो. जिलेटिनचा कागद करडा-काळा, आणि जुना झाल्यावर गडद भागांवर चांदीसारखी झाक येणारा. पोस्टकार्डाच्या आकाराचे फोटो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनचे. दुसरा पुरावा वेशाचा, तिसरा घरातील जन्म-मृत्यूंचा. तिन्ही जुळले तर पाच-दहा वर्षांच्या मर्यादेत काळ सांगता येतो. केवळ वेशावरून सांगितलेला काळ वीस वर्षांनीही चुकू शकतो.

मर्यादा

फोटो श्रीमंती वाढवून सांगतो, श्रम लपवतो. पैठणी येवल्याची की पैठणची, शालू स्वतःचा की उसना, हे तो सांगू शकत नाही. हाताने रंगवलेल्या फोटोतील रंग छायाचित्रकाराच्या आवडीचे असतात; त्यांवर विसंबून साडीचा रंग ठरवणे चूक. नोकर, कुळे, शेजारी यांचा त्यांत पत्ता नसतो.

जतन

फोटो ओल्या फडक्याने पुसू नये, लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा घराच्या आतल्या कोरड्या कपाटात, आम्लरहित कागदात तो अधिक टिकतो. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवावे आणि रंगीत स्कॅन करावे, म्हणजे कागदाची झाक आणि हाताने भरलेले रंग राहतात. माउंटच्या कडा आणि मागची बाजूही स्कॅन करावी. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नावे, नाते आणि गाव लिहावे. शाईने लिहू नये. या सर्वांत पहिले काम नावे लिहिण्याचे आहे, कारण स्कॅन पुढच्या वर्षीही करता येईल, पण चेहरे ओळखणारी व्यक्ती घरात बहुधा एकच असते आणि ती सर्वांत वयस्कर असते.